मीमावशी

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मीमावशी म्हणायचे. अर्थात पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं. तिचं प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू व्हायचं. मी सांगते. मी बघते. मी शिवलंय ते, ओढून बघ. एकतीस वर्षं ती खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर बसून छापील कागदांच्या घड्या घालत आली. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक जुज. असे दहा-पंधरा जुज एकावर एक ठेवून सुईदोऱ्यानं शिवायचे, की पुस्तकाचं अंग तयार. शेवटच्या टाक्याला ती दोनदा गाठ मारायची आणि गाठीवर अंगठ्याचं नख दाबायची. ही गाठ नंतर पुठ्ठ्याखाली जाते, जन्मात कुणाला दिसत नाही. तरी ती म्हणायची, "ही माझी गाठ. पुस्तक फाटेल, गाठ सुटायची नाही."

मी कटिंग मशीनवर. शिवून, पाठीला सरस लावून झालेली पुस्तकं माझ्याकडे यायची आणि मी त्यांच्या तीन बाजू कापून सारख्या करायचो. मशीनचं पातं हातभर लांब, आणि मागं एक सरकती पट्टी असते, तिच्यावर माप लावायचं. माप चुकलं की संपलं. कागद जोडता येतो, कापलेला परत वाढत नाही.

आता ही गोष्ट सांगताना मी वारंवार 'मी' म्हणणार आहे. मुद्दाम म्हणणार आहे, कारण त्या वर्षी आठ महिने मी हा शब्द उच्चारला नव्हता.

झालं असं, की दर सोमवारी संध्याकाळी मी एका सरांकडे जायला लागलो होतो. निवृत्त गणिताचे शिक्षक, दोन खोल्यांचं घर, सतरंजीवर आम्ही सात-आठ जण. सर सांगायचे, "बौद्ध म्हणतात, शोधून बघा. 'मी' नावाची वस्तू हातात आहे, डोक्यात आहे, की आठवणीत? कुठंच सापडत नाही. तंत्रवाले म्हणतात, 'मी' खोटा नाही, पण तो आपल्या कातडीपाशी संपतो असं आपण धरून बसलोय. त्याला पसरू द्या, समोरच्यातही तोच आहे." दोन वाटा, पण दोन्हींच्या तोंडाशी आपला हा छोटासा, चिकट अहंकार आडवा पडलेला, असं त्यांचं म्हणणं. मला पहिली वाट पसंत पडली. दुसरीत समोरच्याचं काहीतरी करावं लागणार, असा वास येत होता.

एकदा सर म्हणाले, "आठवडाभर 'मी' हा शब्द न वापरता बोलून बघा. किती वेळा जिभेवर येतो ते तरी कळेल." बाकीच्यांनी तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. मी आठ महिने चालवलं. आठ महिने, मोजून! ज्याच्यात 'मी' उरला नाही तो महिने कशाला मोजत बसेल, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

बोलणं कसं, तर चहा घेतला गेला, यायला उशीर झाला, भाजी आणायची राहून गेली. बायको म्हणाली, "मग जेवण तरी वाढू, की तेही आपोआप वाढलं जाईल?" पुठ्ठ्याचं काम करणाऱ्या काकांचं बोलणं टोचरं, म्हणून त्यांना सगळे दाभणकाका म्हणत. त्यांनी माझं नाव शून्यमहाराज ठेवलं. पगाराच्या दिवशी विचारायचे, "काय महाराज, घेणार कोण?" मी मंद हसायचो. ते हसणं आरशासमोर बसवलेलं होतं, आता सांगायला हरकत नाही.

आणि मीमावशीची मला दया यायची. बिचारी केवढी अडकलीय! एकदा दुपारच्या सुट्टीत मी तिला ज्ञान पाजलंच. म्हटलं, "मावशी, शिवणारी तू नाहीसच. शिवलं जातं. त्या गाठीत इतका जीव कशाला?"

तिनं बोट पुढं केलं. टोक सुईनं पार चाळणी झालेलं. "मग हे काय तुझ्या सरांचं बोट आहे? मी शिवते. चुकलं तर उसवतेही मीच. तुझं ते 'जातं जातं' काय असतं रे? गिरणीत दळायला टाकल्यासारखं."

सगळे हसले. मीही हसलो आणि मनात म्हटलं, हिला या जन्मी काही उमगायचं नाही.

मग तो गुरुवार आला. परिचारिकांच्या एका कॉलेजचं पुस्तक होतं, सहाशे प्रती. पानांच्या बाहेरच्या कडेला औषधांच्या मात्रांचे तक्ते. आदल्या दिवशी मी एक लहान आकाराचं पुस्तक कापलं होतं आणि पट्टी त्याच मापावर होती. ती बदलायची असते, एक प्रत कापून बघायची असते, पोरंटोरंही हे करतात. पण त्या दिवशी माझी साधना जोरात होती. श्वास आत, श्वास बाहेर, पातं खाली, पातं वर. कापणारा कुणी नाही, नुसतं कापणं चाललंय. वा! जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहाशेच्या सहाशे उरकली. इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं.

दाभणकाकांनी पुठ्ठा चढवायला पहिली प्रत उघडली आणि नुसतं "अरे देवा" म्हणाले. प्रत्येक तक्त्याची कड गेली होती. 'पाच' राहिलं होतं, पुढचं 'मिली' की 'मिलिग्रॅम' ते खाली कातरणाच्या ढिगात. असं पुस्तक वाचून कुणी इंजेक्शन भरलं तर माणूस जायचा.

मालक आले. तसे बरे गृहस्थ, पण रागावले की कानाच्या पाळ्या लाल. त्यांनी प्रत हातात धरून विचारलं, "हे कुणी केलं?"

मला त्या वर्षी आधीच दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. तिसरीला घरी, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"कापलं गेलं."

"कुणाकडून?"

"झालं खरं."

आठ महिन्यांची तपश्चर्या अशी फळाला आली. करून सवरून नामानिराळा म्हणतात ना, तो मी. भाषा तयारच होती, मला एक शब्दसुद्धा शोधावा लागला नाही.

मग खिडकीकडून आवाज आला, "मी केलं."

मीमावशी उठून उभी राहिली होती. "घडी मी वाकडी घातली. मजकूर कडेला सरकला. त्याचं काय, तो आपला कापत गेला."

मालक तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी श्वासाकडे लक्ष दिलं. शेवटी ते ओरडले, "मग उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. हे तिला अपेक्षित नव्हतं. पण बाई मानी. सुई गादीत खोचली, चष्मा डबीत घातला, डबा उचलला आणि चालती झाली. माझ्याजवळून जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मालकांनी मला आत बोलावलं. "काही सांगायचंय?"

"जे झालं ते झालं," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले आणि कागदांत डोकं घातलं.

बाहेर दाभणकाका खळ ढवळत होते. या वेळी महाराज वगैरे काही नाही. हळूच म्हणाले, "सोमवारी शिलाईचं मशीन येतंय म्हणे. ते आलं की ती खुर्ची गेलीच. शनिवारी काय बोलायचं ते बोल. आपणहून परत यायची ती नव्हे."

शनिवारी मी दोनदा मालकांच्या दारापर्यंत गेलो. दुसऱ्या वेळी दाराला हातही लावला. मग मला वाटलं, हा अपराधीपणा म्हणजे तरी काय, अहंकाराचाच खेळ. त्याला खतपाणी नको. किती सोयीचा विचार! मी परत मशीनवर आलो आणि पट्टीचं माप तीनतीनदा तपासलं. तेवढं मात्र मला जमत होतं.

सोमवारी मशीन आलं. चार माणसांनी खिडकीशेजारी बसवलं. खुर्ची कातरणाच्या पोत्यांवर उलटी टाकली. दुपारपर्यंत मशीननं तिच्या दोन दिवसांचं काम केलं, आणि गाठ बिठ काही मारली नाही.

संध्याकाळी सरांकडे गेलो. मला वाटलं, सर पाठीवरून हात फिरवतील. मी सगळं सांगितलं, माझ्या त्या भाषेत. एक चूक घडली. एका बाईनं ती स्वतःवर ओढून घेतली, तिला 'मी मी' करायची सवयच आहे. पण इकडे काही डगमगलं नाही.

सरांनी विचारलं, "ती बाई आता कुठं आहे?"

"घरी."

"आणि ज्यानं कापलं तो?"

मी सतरंजीची दशी ओढत राहिलो.

"बौद्ध म्हणतात, 'मी' सापडत नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण सतरंजीवरचे सगळे खाली बघायला लागले. "तंत्रवाले म्हणतात, 'मी' एवढासाच नाही. पण नेमका चूक झाल्यावर 'मी' सापडत नाही, असं दोघांपैकी कुणीही म्हटलेलं मी वाचलं नाही. त्या बाईचा 'मी' तुझ्यापर्यंत येऊन पोचला. आणि तू तिची मला कीव करून दाखवतोयस!"

माझे कान तापले. चेहरा कुठं लपवू असं झालं. मला चीड आली, ती सरांची नव्हे. आठ महिने मी जे मिरवत होतो ते नुसतं पळून जायचं दार होतं, आणि हे सतरंजीवरच्या सगळ्यांसमोर मला ऐकावं लागलं. शरम म्हणजे काय, ते मला तोवर माहीतच नव्हतं.

मंगळवारी सकाळी कारखाना उघडताच मी मालकांसमोर उभा राहिलो. "ते मी कापलं. पट्टी मी बदलली नाही. मावशीचा काही दोष नाही."

मालकांनी चष्मा काढला. "मला माहीत आहे. घडी चुकली असती तर एखाद्या जुजात चुकली असती. सहाशे पुस्तकं एकाच मापानं कापली गेली, ती काय घडीनं? कारखान्यातल्या मांजरालाही कळत होतं."

"मग तिला..."

"रागात बोलून गेलो. वाटलं, आता तरी हा तोंड उघडेल. शुक्रवारी तुला आत बोलावलं ते कशाला? मशीनची बोलणी वर्षभर चाललेली, मावशी आहेत तोवर नको म्हणून मीच थांबवत होतो. मशीनवाले सोमवारी आणून देतो म्हणत होते, शनिवारी संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघितली आणि हो म्हणून कळवलं." त्यांनी चष्मा परत चढवला. "आता कुठं बसवू त्यांना? जा, काम कर. कटिंगला माणूस मिळत नाही."

म्हणजे मला त्यांनी काढलंसुद्धा नाही.

दुपारच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेलो. गल्लीच्या टोकाला जिन्याखालची खोली. दार तिनंच उघडलं.

"मावशी, मी कापलं."

"मला काय सांगतोस? मी तिथंच होते." ती आत वळली. "मालकांना सांगितलंस?"

"आज सकाळी."

"आज मंगळवार ना?"

"हो."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मला वाटलं, मला कोण काढतंय! एकतीस वर्षं झाली. दोन शब्द ऐकून घेईन. तुझ्या मात्र दोन ताकिदी झालेल्या." हात उडवून ती हसली. "मोठी शहाणी मी!"

ओट्यावर तिचा डबा होता, तीन कप्प्यांचा, कडी लावलेला. शेजारी चष्म्याची डबी. मी त्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"शुक्रवारी भरून ठेवला होता," ती म्हणाली. "म्हटलं, बोलावणं आलं तर उशीर नको. शनिवारीही भरला. काल तर चपला घालून बसले होते."

तिनं डब्याची कडी काढली.

"आजचाही भरलाय. वाया जायला नको. हात धुऊन ये."

मी हात धुतले. मी बसलो. तिनं तिन्ही कप्पे माझ्यापुढं मांडले आणि मी मान खाली घालून तिचा डबा खाल्ला.