नाव घातलेली परात

त्या उन्हाळ्यात आमच्या फौजी वर्कशॉपची एक छोटी तुकडी जळकोटकडच्या डोंगराळ भागात पाठवली होती. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. फाट्यावरच्या दगडावर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. काम लढाईचं नव्हतं. दुष्काळ होता. लांबच्या तलावावर गाडी भरायची आणि गावोगाव पाणी पोचवायचं.

मी नायक यशवंत, व्हेईकल मेकॅनिक. गाव नायगावजवळ. आता पेन्शनीत आहे आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातली मुलं विचारतात, "काका, लढाई पाहिली का?" पाहिली, आणि ती सांगता येते. ही गोष्ट मात्र तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहून पाहतो. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

पाण्याची गाडी, फौजेच्या भाषेत बाउझर, जुनी, परदेशी बनावटीची होती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलत. अशा गिअरबॉक्सचं तेल फार तापतं. ते थंड करायला रेडिएटरच्या पुढे एक कूलर असतो, आणि तेल दोन लोखंडी नळ्यांतून तिथे जातं-येतं. तेल कमी झालं की इंजिन ओरडतं, पण गाडी चढ चढत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ड्रायव्हर लान्स नायक दत्ता. अर्धापूरचा, घरच्या केळीच्या बागा. गाडीला तो म्हातारी म्हणायचा. कमांडर हवालदार बलवंतसाहेब, हिमाचलचे. आम्ही तिघंच.

वाटेवरच्या एका गावात पाणी कुठे ओतायचं ते ठरलेलं होतं: चावडीजवळच्या विहिरीत. ओतलं की आम्ही निघायचो. मागे काय होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. एक दिवस खालच्या वस्तीतल्या भागाबाई रिकामी घागर घेऊन गाडीला आडव्या आल्या.

"दादा, एक डाव गाडी खाली आणा की. इहिरीला आमचा हात चालत न्हाई. त्यांचं भरून झाल्यावर कोणी वरून ओतलं, तर आमचं."

"अन् न्हाई ओतलं तर?" दत्ताने विचारलं.

"तर काय? तुमच्या गाडीचा धुरळा बघायचा."

मी हे हवालदारसाहेबांना हिंदीत सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना. दोनदा विचारलं. मग म्हणाले, "कल पहले नीचे." वस्तीत सिमेंटची टाकी होती. तिच्या तळाशी पालापाचोळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चावडीपर्यंत आली आणि जळक्या तेलाचा वास सुटला.

"म्हातारीचा गिअर घसरून राहिला," दत्ता म्हणाला आणि इंजिन बंद केलं.

मी बोनेट उघडून पाहिलं. कूलरजवळच्या जोडातून तेल गळत होतं. आधी कोणीतरी त्या जोडाच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेदा फासला होता, घरातल्या नळाला करतात तसा. हा जोड आट्यांवर बसत नाही. नळीचं तोंड फुलवलेलं असतं, ते समोरच्या टोकावर दाबून बसतं. गळायला लागल्यावर त्या माणसाने पाना आणखी ओढला असणार. तोंडाला चीर गेली होती. फौजेच्या गाडीवर असलं काम बघून मला शिसारी आली.

हवालदारसाहेबांनी रेडिओवर कळवलं.

"बाउझर टू कॅम्प. ब्रेकडाउन. ओव्हर."

"अगला गाँव वेटिंग है. बारह बजे तक ठीक हो तो चलो. नहीं तो जहाँ खड़ी है, वहीं पानी खाली करो. दूसरी गाड़ी खींच लेगी. आउट."

गाडी विहिरीला लागूनच उभी होती. वस्ती खाली ओढ्याजवळ. गाडी घरंगळत खाली गेली असती, वर आली नसती. म्हणजे बारापर्यंत जोड बसला नाही, तर वस्तीला आजही धुरळाच.

जोड सोडला की तेल वाहणार होतं. आमच्याकडे जादा तेल अर्धा डबा. गाडीतलं वाया घालवून चालणार नव्हतं. पसरट, स्वच्छ भांडं हवं होतं.

गावातले वजनदार गृहस्थ अण्णा तिथे उभे होते. पांढरं धोतर, बोलणं मऊ. फौजी माणसाचं त्यांना कौतुक होतं. मी गाडीखाली शिरलो होतो, म्हणून त्यांनी दत्तालाच विचारलं; त्याचं घराणं त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

"हे खाली गेले ते कोणाचे? गाव कोणतं?"

"आमच्याच सोयऱ्यातले हायत," दत्ता म्हणाला.

मला ऐकू आलं. मी पाना जोडाला लावला. अण्णांनी घरातून पितळी परात मागवली. काठावर नाव घातलेलं होतं: सौ. कौसल्या. मी जोड सोडला. काळपट तेल परातीत पडू लागलं, थोडं माझ्या गालावर आलं.

मी हॅक्सॉने नळीचं चिरलेलं तोंड कापलं, कानशीने घासलं, कीस पुसला. फ्लेअरिंगचं टूल लावून नवीन तोंड फुलवू लागलो. हे काम घाईत होत नाही. अण्णा चाकाशी उकिडवे बसले आणि वाकून माझ्याशी हळूच बोलू लागले.

"एवढी तकलीफ कशाला घेता? इथंच ओता न् मोकळे व्हा. खालच्यांना काय, सवय हाय. पाणी दिलं तर माजतील. तुम्ही आपले म्हणून सांगून राहिलो."

आपले. पाट्यावर चटणी वाटावी इतक्या सहज ते बोलत होते. माझ्या गालावर तेल होतं आणि कानात हे. तेल बरं वाटलं.

"अण्णा," मी खालूनच म्हणालो, "मी त्यांच्यातलाच. नायगावजवळच्या वस्तीतला. आमचे आजोबा छप्पन्न साली बौद्ध झाले."

चाकाजवळचे पाय मागे सरकले.

"आधी सांगायचं की हो. परात घरातली हाय."

विहिरीवर घागरी घेऊन थांबलेल्या बायांपैकी एक मोठ्याने म्हणाली, "परात बाटली अन् पाणी न्हाई बाटलं व्हय, अण्णा? इतके दिस ह्यांच्याच हातचं पिऊन राहिले की समदे."

दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं तसं हसणं थांबलं.

"दत्ता, दुसरा पाना घे," मी म्हणालो.

हा जोड दोन पान्यांनी आवळायचा असतो. कूलरकडची बाजू एकाने घट्ट धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. नुसता नट ओढला तर कूलरची मानच पिळवटते. दत्ताने समोरून पाना लावला. त्याच्या हाताला घाम होता.

"धरलंय?"

"धरलंय."

"सुटू देऊ नको."

"न्हाई सुटत."

तेल फडक्यातून गाळून परत भरलं. इंजिन चालू केलं. मी जोडाखाली कोरडं बोट धरून थांबलो. बोट कोरडंच राहिलं. हवालदारसाहेबांनी घड्याळ पाहिलं, बारा वाजायला थोडा अवकाश होता.

"नीचे," ते म्हणाले.

मी परात पुसून अण्णांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"राहू द्या. ठेवा तुम्हाला."

वस्तीतल्या टाकीत पाणी पडलं तेव्हा भागाबाईंनी आधी वर तरंगलेला पाला काढायला लावला, मगच घागर बुडवली. उरलेलं पाणी आम्ही वर विहिरीत ओतलं. म्हातारी चढ चढली.

संध्याकाळी कॅम्पवर मी दत्ताला विचारलं, "खोटं का बोललास?"

"परात मिळावी म्हणून. काम व्हावं म्हणून."

"माझं नाव सांगितलं असतंस तर काम झालं नसतं?"

तो पाने पुसू लागला. खरं सांगायचं तर अण्णांपेक्षा त्याचाच मला जास्त उबग आला. अण्णा मला ओळखत नव्हते. दत्ता माझ्या ताटात जेवायचा. काही दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

मग एकदा नट धुवायला परात घेतली, तर कौसल्याबाईंच्या नावाखाली वर्कशॉपच्या खुणा ठोकायच्या लोखंडी पंचने ठोकलेली वाकडीतिकडी अक्षरं दिसली: यशवंत, नायगाव. दत्ता, अर्धापूर.

"आता कोणी विचारलं," दत्ता म्हणाला, "तर वाचून घेईल."

पुढे आमची पोस्टिंग उत्तरेला झाली. परात टूलकिटमध्ये होती. एका सकाळी रस्ता खचला आणि पुढची गाडी दरीत गेली. त्या गाडीवर लान्स नायक दत्ता होता. रेडिओवर त्याला पुन्हा पुन्हा पुकारलं. उत्तर आलं नाही.

त्याची ट्रंक मी अर्धापूरला पोचवली. परात ट्रंकेवर बांधली होती. त्याच्या आईने काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं, माझं नाव, माझं गाव, मग त्याचं. मी कोणत्या वस्तीतला, तेही सांगितलं. त्या उठल्या. परात घेऊन आत गेल्या. मला वाटलं, अडगळीत जाईल.

वर्षश्राद्धाला पुन्हा गेलो. स्वयंपाकघरात घरच्या पितळी भांड्यांच्या मांडणीवर मधोमध ती परात होती, चिंचेने घासून लख्ख. आईंनी ती खाली काढली आणि माझ्यासमोरच तीत भाकरीचं पीठ मळायला घेतलं.