नमुन्याच्या तीन ओळी

रजेवरून परतलेल्या मास्तरीणबाईंनी सकाळी साडेदहाला संगणक उघडला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पडद्यावर प्रश्न होता, 'काचकारखाना वर्षअखेरीपर्यंत बंद पडेल का?' पुढे उत्तर, 'हो, एक्क्याण्णव टक्के.' वीस दिवसांपूर्वी तिथे बारा टक्के होते. आणि तो एक्क्याण्णवचा आकडा सगळ्यांत आधी लिहिला होता तो खुद्द बाईंनीच.

बाई काही शाळेत शिकवत नव्हत्या. वापराच्या सूचना लिहिणं हा त्यांचा धंदा. आधी मिक्सरच्या, मग वॉशिंग मशीनच्या, आता संगणकावरच्या साधनांच्या. स्वतः करून पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा खाक्या. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेपायी त्यांनी नवऱ्याचा लोकरीचा स्वेटर मुद्दाम गरम पाण्यात घातला होता. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. नवरा आठवडाभर फुगून बसला, पण 'लोकरीचे कपडे घालू नयेत' हे वाक्य छातीठोकपणे लिहिलं गेलं. असल्या हट्टापायीच ऑफिसात त्यांना 'मास्तरीणबाई' हे नाव पडलं. मागून हसणारेसुद्धा अडलं की त्यांच्याच टेबलाशी येत.

हल्ली त्यांच्याकडे एक अजब साधन आलं होतं. पुढे काय घडेल यावर लोक जिथे सौदे करतात, त्या अंदाजांच्या बाजारातले सौदे ते ओळीने मांडून दाखवी. प्रश्न कोणता, घेतलं 'हो' की 'नाही', काय भावाने आणि केव्हा. भाव टक्क्यांत असे, आणि 'हो'चा भाव चढला की गोष्ट घडणार, असं सगळे धरून चालत. आणि बाईंच्या सूचना वाचणार होते एआय एजंट, म्हणजे मालकासाठी आपणहून माहिती काढून सौदे करणारे प्रोग्राम. माणूस वाचणारच नाही म्हटल्यावर बाईंना जरा रागच आला होता.

सूचनांत दाखवायच्या नमुन्यासाठी प्रश्न त्यांनी घरातलाच घेतला. त्यांचा थोरला भाऊ, दादा, सव्वीस वर्षं त्या काचकारखान्यात भट्टीवर होता. आपल्या कारखान्यावर कुणीतरी बाजारात प्रश्न टाकलाय हे बाईंकडून कळलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. "आमच्यावर पैजा? लोकांना कामधंदे नाहीत का गं?"

रजेच्या आदल्या दिवशी नेमकं साधन दुरुस्तीसाठी बंद. परगावी लेकीचे दिवस भरलेले, गाडी चुकवून चालणार नव्हती. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा करून न पाहता लिहिलं. मनचे तीन सौदे, तीन ओळी, तिन्हींत 'हो, एक्क्याण्णव'. खऱ्या बाराच्या इतका लांबचा आकडा कोण खरा मानणार! आल्यावर बदलू, असं ठरवून सूचना तशाच धाडल्या आणि त्या निघाल्या. वर 'काल्पनिक' एवढा एक शब्द लिहायचा राहून गेला.

माणसाने पाहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. एजंटांनी त्या ओळी झालेले सौदे म्हणून वाचल्या आणि 'हो' घेत सुटले. एकाचं पाहून दुसरा, दुसऱ्याचं पाहून हजारो. मग बातम्या आल्या, कारखाना बुडणार असं बाजारच म्हणतोय.

बाई धापा टाकत साहेबांकडे गेल्या. सगळं ऐकून साहेब म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे. खऱ्या ओळी टाका आणि मोकळ्या व्हा."

बाईंनी साधन चालवलं आणि ताजे तीन सौदे मागवले. आले. हो, एक्क्याण्णव. हो, एक्क्याण्णव. हो, ब्याण्णव. त्यांचं खोटं आता खरं होऊन समोर आलं होतं, आणि बदलायला जवळपास काही उरलंच नव्हतं.

त्यांनी दादाला फोन लावला.

"दादा, कुठे आहेस?"

"फाटकाबाहेर. बाळ-बाळंतीण बरी आहेत ना? तू तिच्यापाशी होतीस, म्हणून तुझ्या डोक्याला ताप नको म्हटलं." त्याने आवाज खाली आणला. "आज नोकरी संपल्याच्या कागदांवर सह्या केल्या आम्ही. गिऱ्हाइकांनी महिन्याभराची मागणी काढून घेतली, गॅसवाल्याने पुरवठा थांबवला. भट्टी विझवली गं. आतली काच गोठली की ती भट्टी गेलीच, परत पेटत नाही."

"पण... कारखाना तर बरा चालला होता!"

"मलाही तसंच वाटत होतं. पण एक्क्याण्णव टक्के म्हणजे काही थोडं नाही. तूच म्हणायचीस ना, तुमचं ते यंत्र झालं तेवढंच दाखवतं, मनचं काही सांगत नाही." मग म्हणाला, "तुझ्या वहिनीला अजून बोललो नाही. तू सांगशील का? तुला नीट समजावून सांगता येतं."

बाईंना गप्प बसता आलं असतं, पण ते त्यांच्याच्याने होईना.

"दादा, ते एक्क्याण्णव मी लिहिलं होतं. रजेवर जाण्याआधी."

पलीकडून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली.

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं," दादा म्हणाला, "आणि मला सांगितलं नाहीस?"