निंबर्ग्याचा ठसा, हुमनाबादचा फ्लेक्स

सुरेखा फोनवर "बरं, येते" म्हणाली आणि मी त्याच दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकला. उशीर केला असता तर तिनं बेत फिरवला असता, तिचा काही भरवसा नाही. मी सोलापुरात चित्रकला शिकवते. सुरेखा माझी कलबुर्गीच्या कॉलेजातली मैत्रीण. लाकडाची फळी कोरून, तिला शाई लावून कागदावर चित्र छापायचं, हे आम्ही दोघी तिथंच शिकलो. पुढे ती लग्न करून आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याला गेली आणि तिच्या कोरण्या पेटीत गेल्या. गेल्या पावसाळ्यात तिनं त्या बाहेर काढल्या. एवढ्या वर्षांनी! आमच्या वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा होता, आणि तो पुन्हा थांबू नये एवढंच मला हवं होतं.

बिदरच्या नौबाद भागात काही चित्रकार दरवर्षी एका मंगल कार्यालयात जमतात. जितके जण, तितक्या छाप प्रत्येकानं आणायच्या, आपलं चित्र कुठून आलं ते सांगायचं, आणि जाताना सगळ्यांची एकेक छाप घेऊन जायची. विक्री नाही, बक्षीस नाही. त्यांचं निमंत्रण वाचून वाटलं, सुरेखासाठी हेच बरं; माझ्या छाप तर तयारच होत्या. माझं डोकं कुठं होतं कोण जाणे.

सोलापूरहून अक्कलकोटमार्गे आळंदच्या एसट्या मिळतात. रस्ता मधूनमधून बरा, मधूनमधून हाडं मोजणारा. आळंदला उतरून निंबर्ग्याची गाडी धरायची. वेळापत्रकावर विसंबू नका, पानपट्टीवाल्याला विचारा. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली तूर. नुकतीच येळवस झाली होती, म्हणजे आपली वेळ अमावास्या, शेतात पूजा आणि पंगत करायचा सण, त्यामुळे शेताशेतांत कडब्याच्या कोपी, म्हणजे लहान खोपी, अजून उभ्या होत्या. त्या दिवशी या भागात गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील हाणायला.

सुरेखाकडे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवले आणि म्हटलं, दाखव. तिनं फळी भिंतीला टेकवून ठेवली. चित्रात तीच कडब्याची कोप, पण मागच्या बाजूनं. पुढं पंगत बसते तिथलं काहीच दिसत नाही. कोपीच्या आडून फक्त दोन पाय बाहेर आलेले, पाय पसरून बसलेल्या बाईचे, भेगाळलेले. बाकी सगळं काळं. मत्सर वाटला, खरं सांगते.

छाप काढायला तिच्याकडे यंत्र नाही. फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पळीच्या पाठीनं घासत बसायचं. हव्या तेवढ्या छाप झाल्या होत्या. मग या बाईनं काय करावं? कोरणी घेतली आणि त्या सुंदर फळीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोल चर मारला.

"अगं ए! दोन जास्तीच्या तरी काढायच्यास!"

"कामून? गुरुजींनी काय शिकवलं होतं? सांगितल्या तेवढ्या छाप झाल्या की ठसा मारायचा. नसता उद्या कुणीबी छापत बसतंय."

ठसा मेल्याचा, म्हणजे फळी बाद केल्याचा, पुरावा म्हणून त्या चिरलेल्या फळीची एक शेवटची छाप काढायची, हेही गुरुजींचंच. तिनं तीही काढली. चित्रावरून तिरकी पांढरी रेघ गेलेली. वाळल्यावर बाकीच्यांबरोबर तीही गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीमार्गे बिदर. कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बायकांना तिकीट नाही, पण ते तिथल्या बायकांना. सुरेखानं आधार कार्ड दाखवलं आणि फुकट बसली. मी महाराष्ट्राची, मला पूर्ण तिकीट. "मग ये की हिकडं नांदायला," म्हणत ती हुमनाबाद येईपर्यंत हसत होती. तिला इतकं हसताना मी कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं.

बिदरचा किल्ला आणि मदरसा यांविषयी वाचायला आला असाल तर माफ करा, मी ते बाहेरूनच पाहिलं. स्टँडजवळ साधी लॉज मिळतात, पाणी गरम येतं का ते आधी विचारा.

तिसऱ्या दिवशी मेळावा. आयोजक विजयकुमार सर, खादीचा लांब झब्बा, गळ्यात चष्मा. त्यांनी स्वतःच्या चित्राविषयी इतकं बोलून घेतलं की चहा दोनदा झाला. अवकाश, मौन, मुळांचा शोध. चित्र टॅबवर काढलेलं आणि दुकानातून छापून आणलेलं. टॅबवर काढण्याला माझी ना नाही. पण मुळं शोधायला निघालेल्या माणसाच्या हाताला निदान माती नाहीतर शाई लागलेली असावी! बाकी काही जणांची कामं छान होती. औरादच्या एका मुलीनं विहिरीची रेखाटनं आणली होती, ती अजून डोळ्यांपुढे आहेत.

सुरेखाचा नंबर शेवटी, जेवणाच्या तोंडावर. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ती मराठीतच बोलली.

"येळवशीला शेतात समदे जेवतेत. घरचे, पाव्हणे, गडी. समदे उठले की आमची आत्या, म्हणजे माझी सासू, कोपीच्या मागं जाऊन एकली जेवायची. तोंड दिसायचं न्हाई, पाय तेवढे दिसायचे. लग्न झाल्यापासून दरसाल मी तेच पाय बघितले. कधी म्हणले न्हाई, की आत्या, पुढं येऊन बसा. आता ती न्हाई. म्हणून काढलंय."

आणि खाली बसली. त्या औरादच्या मुलीनं डोळे पुसले. मला वाटलं, बास, आपलं येणं वसूल झालं.

जेवताना हुमनाबादच्या हायवेवरचे एक हॉटेलवाले अण्णा सरांना घेऊन आले. अण्णांना हॉटेलातल्या नव्या हॉलच्या भिंतीसाठी हे चित्र मोठं करून हवं होतं. सुरेखा म्हणाली, "ठसा मेलाय. रेघ मारली."

सर हसले. "अक्का, पुट्टी भरा आणि छापा. कोण बघायलंय?"

"मी बघायलेय की," ती म्हणाली. "ह्या समद्यांना एवढ्याच छाप म्हणून दिल्यात. आता जास्तीची निघायची न्हाई."

सरांनी खांदे उडवले. जाताना वाटप झालं, रेघ मारलेली ती छाप तेवढी टेबलावर उरली. "ही माझ्याकडे राहू द्या, संस्थेच्या संग्रहासाठी," सर म्हणाले. सुरेखाला उलट बरं वाटलं. ठसा मारल्याचा पुरावा योग्य जागी गेला म्हणून! अण्णांनीही राग धरला नाही, उद्या जाताना आमच्याकडे जेवूनच जा म्हणाले.

परतीच्या वाटेवर हुमनाबादला उतरलो. ट्रक आणि ढाबे यांच्या गर्दीत अण्णांचं हॉटेल लगेच सापडलं. आत शिरलो आणि समोरच्या भिंतीवर छतापर्यंत फ्लेक्स. सुरेखाची कोप. एका रात्रीत छापून, ताणून, ठोकून तयार. ती तिरकी रेघ तशीच, आता चांगली हातभर रुंद. वर 'आपल्या शेतातली चव', खाली विजयकुमार सरांचं नाव. आणि पाय नव्हते. चित्र खालून कापलेलं.

अण्णा बिचारे आनंदानं पुढे आले. "कसं दिसायलंय अक्का? रेघेनं एकदम जुनं वाटतंय न्हाई का? पाय तेवढे काढले. जेवायच्या जागी पाय बरे दिसत न्हाईत, सरच म्हणले."

मी तिथूनच सरांना फोन लावला. आवाज चढला, शेजारच्या टेबलावरची माणसं घास हातात धरून बघायला लागली. सर अगदी शांत. म्हणाले, "मॅडम, चांगल्या छापेला मी हात लावलेला नाही. ही तर तुमच्या मैत्रिणीनंच बाद केलेली होती. बाद केलेल्या चित्रावर कुणाचा हक्क असतो, सांगा ना." मी फोन कापला. उत्तरं आता रोज सुचतात, एकाहून एक जहाल, पण काय उपयोग!

सुरेखा भांडली नाही. फ्लेक्सच्या खालच्या कडेवर हात ठेवून उभी होती.

"आत्याला काढून टाकलं की गं," एवढंच म्हणाली.

अण्णांनी थाळी मांडली, आम्ही जेवलो नाही. स्टँडवर केळी घेतली, तीही तिनं पिशवीतच ठेवली. मी आळंदहून अक्कलकोटची गाडी धरली, ती निंबर्ग्याची.

घरी आल्यावर मी सगळ्या छाप मांडून पाहिल्या. सुरेखाची भिंतीवर लावली, पायांसकट. येणारे जाणारे विचारतात, मी सांगते. बिदरला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जा, माणसं भेटतात, कामं बघायला मिळतात. पण टेबलावर काही विसरू नका, आणि मागितलं म्हणून देऊ नका. माझा त्या माणसावरचा राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात सुरेखाला फोन केला. भीतभीतच विचारलं, कोरण्या परत पेटीत गेल्या का.

"न्हाई गं, कोरायलेय की. तुरीचं काम उरकलं की रोज बसतेय. दोन फळ्या झाल्या."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मग छाप कधी काढतेस?"

"छापायचं न्हाई आता. शाईच लावणार न्हाई. कागदावर आलं की कुणीबी कापतंय. फळीवर हाय तोवर पाय जागच्या जागी ऱ्हातेत."

मी समजावलं, रागावले, गुरुजींचं नाव काढलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी म्हटलं, बरं, छापू नकोस, मला फळ्यांचा फोटो तरी पाठव.



"तुला पण न्हाई," म्हणाली.