आईने दुकानात साखरेचा डबा काढला

मंडळी, आज आईसाठी छोटा टॅब्लेट घ्यायला तिला घेऊन अलकापुरीतल्या एका दुकानात गेलो होतो. दोन पसंत पडले, समोरून दोन्ही अगदी जुळे. दुकानदार म्हणाला, "मासी, बेउ सरखा ज छे. गमे ते लई लो." म्हणजे दोन्ही सारखेच, आवडेल तो घ्या.

आईने पिशवीतून घरचा साखरेचा डबा काढून काउंटरवर ठेवला! मी लाजून इकडेतिकडे बघायला लागलो. तिने आळीपाळीने दोन्ही टॅब्लेट डब्याला टेकवले आणि शेजारी पोळी लाटल्यासारखे जोरात हात फिरवले. गुळगुळीत पाठीचा घसरला, दुसरा उभा राहिला.

"हाच घे," आई मला म्हणाली. "पोळ्या लाटताना तुझ्या ताईचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल असतो आणि डब्याला टेकवलेला मोबाइल रोज घसरून कणकेत पडतो. पोर तिकडे अंधारात बोलत बसते."

तुमच्याकडची लांबची माणसं कशाला टेकून उभी असतात?