शकुनकाकीची बंदूक

शकुनकाकी बोलता बोलता थांबायची. वाक्य कुठंही पोचलेलं असो, ती एक बोट वर करायची, मान तिरपी करून कानोसा घ्यायची आणि "आली जी, आली!" म्हणत घरात पळायची. आपण तिच्या खिडकीबाहेर लोणच्याची वाटी हातात धरून उभे. मग कधी पंधरा मिनिटांनी, कधी चक्क दुसऱ्या दिवशी ती गजांमागं पुन्हा उगवायची आणि जिथं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढं सुरू व्हायची. "...त मी म्हणून राहिली होती, त्या जावयाले पोहाच चालत नाई!" कुठला जावई, कुठला पोहा, हे आपलं आपण आठवायचं. एवढी वर्षं मी तिचा शेजारी होतो, पण एक अख्खी गोष्ट तिच्या तोंडून एका दमात ऐकल्याचं मला आठवत नाही.

आम्ही गोंदियाला खेटून असलेल्या मुर्रीत राहायचो. आमचं अंगण आणि तिची स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर. तिच्या सासूला लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. काकीचा नवरा राईस मिलमध्ये ऑपरेटर. त्यानं बाजारातून सेलवर चालणारी बेल आणली. बटण सासूच्या डाव्या हाताशी, उशीला बांधलेलं. तिथून निघालेली वायर भिंतीवरून स्वयंपाकघरात आलेली. म्हातारीनं बटण दाबलं की काकीच्या मसाल्याच्या डब्यावर चिमण्या चिवचिवायच्या. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. आमच्या घरातही आम्ही त्या चिमण्यांना कंटाळलो होतो.

"बुढीले कायी पायजे नसते बाबू," काकी म्हणायची. "पानी नाई का चादर नाई. मी हाय का नाई, तेवढंच पायते."

आणि काकी असायचीच. भाजीवाला खिडकीत यायचा, बांगडीवाली खिडकीत यायची. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेली होती. तिच्या बाळंतपणालाही काकी गेली नाही, बाळच खिडकीत आणून दाखवलं. म्हातारीजवळ बसायला कोणी तयार नसायचं. मिल काही काकांना सोडायची नाही, आणि खरं सांगायचं तर काकांनाही मिलच बरी वाटायची.

काकी मूळची केशोरीकडची, कोहळी समाजाची मुलगी. गावोगावी पाळ घालून तलाव बांधले ती ही मंडळी, आणि काकीला त्याचा भारी अभिमान. तिच्याकडं पाळीला 'पार' म्हणतात. "आमच्या बुढ्यायनं पार टाकून पानी अडवलं," ती सांगायची, "आन माह्या बापानं मले मुर्रीत आनून अडवलं." वर स्वतःच हसायची. "पन अडलेलं पानीच कामाचं असते बाबू. वाहून गेलं त कोनाच्या कामाचं?" हे ती मनापासून म्हणायची की स्वतःची समजूत घालायला, ते मला कधी कळलं नाही. मला मात्र त्या खिडकीपुढं जास्त वेळ उभं राहिलं की गुदमरायला व्हायचं. काही तरी कारण काढून मी सायकल घ्यायचो आणि निघायचो.

मी तेव्हा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. वरमालेवर बदामाचे आकार उडवणं आणि वधूच्या मागं धबधबा सोडणं ही माझी कला. लग्नसराई संपली की हात शिवशिवायचे. अशाच एका रिकाम्या मोसमात आम्ही चार मित्रांनी विज्ञानपट काढायचा ठरवला. नाव 'मुर्री ते मंगळ'. भांडवल म्हणजे माझा हँडीकॅम आणि पानठेलेवाल्या मित्राचा देखणा चेहरा. सालेकशाच्या डोंगरात, खडकांत मंगळ करायचा होता.

पहिली बंदूक मी सुताराकडून लाकडाची करून घेतली आणि काळी रंगवली. तीच अंगाशी आली. नक्षलवाद्यांच्या धास्तीच्या त्या वर्षांत सालेकशाच्या जंगलाकडं काळी बंदूक घेऊन जायचं म्हणजे आ बैल मुझे मार. नाक्यावर पोलिसांनी आम्हाला उतरवलं आणि मंगळाची कथा ऐकायला सगळं ठाणं जमलं. कोणालाही ती पटली नाही. बंदूक त्यांनी ठेवून घेतली आणि आम्हाला घरी पाठवलं. मी अंगणात आईपुढं डोकं धरून बसलो होतो. दिसायला बंदूक वाटली पाहिजे, पण बंदूक वाटता कामा नये, अशी वस्तू आणायची कुठून?

"मी करून देऊ का?" खिडकीतून आवाज आला.

मी हसलो. काकी हसली नाही. "पन माही एक अट हाय. पिक्चर झाला का मले दाखवजो. खुर्चीवर बसून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मंधात उठायचं नाई." मग म्हणाली, "मले सगळ्या पिक्चरची सुरुवात माहीत हाय बाबू. शेवट एकाचाबी नाई."

मी शब्द दिला. त्या दिवसापासून खिडकीच्या कट्ट्यावर बंदूक आकार घेऊ लागली. मूठ म्हणून फुटक्या कुकरचा दांडा. नळी म्हणून मोरीच्या दुरुस्तीत उरलेला प्लास्टिकचा पाइप. त्यावर ओळीनं लेकीच्या लहानपणच्या हिरव्या-लाल बांगड्या चढवलेल्या. तोंडाला चहाची जुनी गाळणी, पाठीवर होळीची पिचकारी. काकांनी मिलमधून चांदी रंग आणून दिला. एवढा एकच हातभार त्या माणसानं लावल्याचं मला आठवतं. काकीचा नियम साधा होता. "घरात ज्याची आठवन येनार नाई, तेच घेतो." तासाचं काम आठवडाभर चाललं, कारण दर बांगडीमागं एकदा चिमण्या चिवचिवायच्या.

शेवटी आवाज उरला. त्याच सुमारास काकांनी नवी बेल आणली होती, अगदी तसलीच, कारण जुनीच्या डबीला तडा गेला होता. काकीनं जुनी बेल उघडून पाइपात बसवली आणि तिचं बटण कुकरच्या दांड्याला, बरोबर बोटाखाली येईल असं चिकटवलं. मी दाबलं. चिवचिव, चिवचिव. मंगळावर चिमणी!

"थांब न बाबू, उतावळा काऊन होते?" काकी म्हणाली. तिच्या खिडकीत उतरलेले सेल नेहमी उन्हात वाळत पडलेले असायचे. उन्हानं सेल थोडा जिवंत होतो, हा आपल्याकडं घरोघरचा शोध. त्यातले दोन तिनं उचलून आत टाकले आणि बटण दाबलं. पाइपातून एक लांब, घोगरा, थरथरता आवाज आला, वर चढला आणि तुटत तुटत खाली गेला. असला आवाज पृथ्वीवरचा असणं शक्य नव्हतं.

"चांगला सेल टाकशीन त चिमनी, मरता सेल टाकशीन त भूत," काकी म्हणाली. "मले हा आवाज बराबर माहीत हाय. सेल उतरले का बुढीची चिमनी अशी रडते. मंग मी दुप्पट धावतो. आवाज बारीक होऊन मले ऐकूच नाई आला, त बुढी..." तिचं बोट वर गेलं. "आली जी, आली!"

ते वाक्य काही तिनं पुढं पूर्ण केलं नाही.

या खेपेला नाक्यावर हवालदारानं बंदूक हातात घेतली, गाळणीत डोकावून पाहिलं, बांगड्या फिरवल्या. "ये क्या है?" म्हणत त्यानं बटण दाबलं आणि दचकून स्वतःच मागं सरला. मग सोबतच्या शिपायाला बोलावून पुन्हा दाबलं. आम्हाला चहा मिळाला. आमच्या नायकानं त्या बंदुकीनं मंगळावरचे सगळे दुष्ट लोळवले. आवाज जागच्या जागी हँडीकॅममध्ये घेतला, आणि तो मला इतका आवडला होता की दर दोन मिनिटांनी एक गोळी सुटेल अशी मी कथाच फिरवली.

गावातल्या सभागृहात पडदा लावला. म्हातारीजवळ माझी आई बसली. काकी निळी साडी नेसून, केसांत अबोली माळून आली, तेव्हा तिला रस्त्यानं चालताना पाहून लोक थांबले. मी तिला पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं पाहून मान हलवली, म्हणजे आता सुरू कर.

नायकानं पहिली गोळी झाडली. "आली जी, आली!" म्हणत काकी ताडकन उभी राहिली. सभागृह हसलं. काकीही कपाळावर हात मारून हसली आणि बसली. दुसऱ्या गोळीला तिनं खुर्चीचे दांडे घट्ट धरले, तरी ती अर्धी उठलीच. या वेळी हसणारे थोडे होते. तिसऱ्या गोळीपासून ती पडद्याकडं पाहीनाशी झाली. मान तिरपी करून तिनं कान दाराकडं लावले होते. मी मागं मशीनपाशी उभा राहून मनातल्या मनात नायकाला शिव्या घालत होतो की, मेल्या, थांब, आता झाडू नकोस. पण झाडायला मीच सांगितलं होतं. पुढच्या गोळीला ती उठली आणि साडी सावरत धावतच दाराबाहेर पडली.

आईनं नंतर सांगितलं. काकी धापा टाकत आत आली आणि म्हणाली, "बेल वाजली न जी?" आई म्हणाली, "नाई वो बाई, झोपल्या हायेत त्या." काकी म्हातारीच्या खाटेपाशी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं केसांतली अबोली काढली आणि भात टाकला. आईनं पुष्कळ सांगितलं, पण ती परत आली नाही. मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी गेलो, तर म्हणाली, "जाऊ दे रे. सुरुवात चांगली हाय."

म्हातारी त्यानंतरही चार-पाच वर्षं होती. ती गेली तेव्हा काकी ज्या प्रकारे रडली, ते पाहून बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तेराव्यानंतर खाट, गादी आणि नवी बेल काकांनी कोणा नात्यातल्या आजाऱ्याला देऊन टाकली. दार आता दिवसभर उघडं असायचं. पण काकी बाहेर पडायची नाही. बोलता बोलता तिचं बोट वर जायचं, मान तिरपी व्हायची, आणि मग बोट आपोआप खाली यायचं. पुढचं वाक्य मात्र तिला सापडायचं नाही. पूर्वी दुसऱ्या दिवशी सापडायचं, आता दोन मिनिटांनी हरवायचं.

मला नागपूरला काम मिळालं. जाण्याआधी काकीचं देणं फेडायचं, असं मी ठरवलं. संगणकावर बसून मी 'मुर्री ते मंगळ' पुन्हा कापला आणि बंदुकीचा तो आवाज प्रत्येक ठिकाणाहून पुसून त्या जागी तयार मिळणारा झ्यूंऽ झ्यूंऽ आवाज बसवला. आता तिला कोणी उठवणार नव्हतं. स्वतःवर खूश होत सीडी घेऊन मी दुपारी तिच्याकडं गेलो.

काकीनं टीव्हीसमोर खुर्ची मांडली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न उठता तिनं सिनेमा पाहिला. शेवटच्या पाटीवर 'बंदूक: शकुन कापगते' असं आलं, तेही वाचलं. मी शाबासकीची वाट पाहत उभा.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन ही बंदूक माही नोय."

"तीच आहे काकी. फक्त आवाज बदलला. तुम्हाला उठावं लागू नये म्हणून."

तिनं टीव्ही बंद केला. "बाबू, बुढी इतके साल एक शब्द बोलली नाई. ते बटन तिचं तोंड होतं. घरात आता तिचं कायी नाई उरलं. तिचा आवाज तुह्या पिक्चरमंधी हाय, म्हणून मी बसली होती. तोबी पुसून टाकला का तू?"

मी सायकल काढली, माझ्या शूटिंगच्या स्टुडिओत जाऊन काचेच्या कपाटातून बंदूक काढली आणि तसाच परत आलो. बांगड्यांवर धूळ बसली होती, चांदी रंग उडाला होता. आतले सेल कधीच मेलेले होते. पण काकीच्या खिडकीत दोन सेल उन्हात पडलेलेच होते. आता घरात सेलवर चालणारं काहीही नव्हतं, तरी ते होते.

तिनं ते आत टाकले, तळहातावर बंदूक एकदा आपटली आणि बटण दाबलं. लांब, घोगरा, रडवा आवाज घरभर फिरला. तिचं बोट वर गेलं. ती खुर्चीवरून उठू लागली, मग खोलीतल्या खाटेच्या रिकाम्या जागेकडं नजर जाताच हळूहळू बसली.

"आली जी," ती तिकडं पाहत म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा म्हणाली, "आली जी." दर खेपेला आवाज बारीक होत गेला, दर खेपेला ती जास्त वाकून ऐकत गेली, आणि शेवटी नुसतंच बटण वाजलं. तिनं सेल काढले, पदरानं पुसले आणि पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. ऊन उतरलं होतं.

"उद्या ऊन लागू दे," काकी म्हणाली. "मंग अजून बोलन बुढी."