डॉक्टर काकांचा खालचा मजला

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आम्हा मराठी मंडळींत भाड्याची घरं जाहिरातीने जात नसत, ओळखीने जात. कुणाची तरी काकू कुणाला तरी फोन करायची, "मुलगा चांगला आहे हो," की झालं. ना अर्ज, ना चौकशी. ऐंशीच्या दशकात त्या फोनांची मी महाराणी होते. केस पर्म केलेले, जॅकेटच्या खांद्यांत उशा, पर्समध्ये गाडीचं नवंकोरं लायसन्स. आपण शब्द टाकला की अमेरिका हलते, असा त्या बयेचा समज होता. आज भेटली तर टपली मारीन.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर एक काळी मैत्रीण होती. ती रक्त काढायची, मी तपासायचे. एकटी बाई, पदरात शाळकरी मुलगा. कित्येक वर्षं रांगेत राहून तिला घरभाड्याचं सरकारी व्हाउचर मिळालं होतं. भाड्याचा मोठा वाटा सरकार परस्पर घरमालकाला देणार. मात्र महिनाअखेरपर्यंत घर शोधायचं, नाहीतर व्हाउचर रद्द आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला. घरं रिकामी होती. ती दारात उभी राहिली की भरायची.

"तुझ्या वडिलांनीच घरं स्वस्त होती तेव्हा एखादं घर घेऊन ठेवायला हवं होतं," मी डबा खाताना म्हणाले. काय ती अक्कल!

ती हसली. "महायुद्धावरून आल्यावर गेले होते ना बँकेत. आम्हा काळ्यांच्या वस्तीत घर घ्यायला कर्ज नाही, आणि जिथे कर्ज मिळतं तिथे आम्हाला घर नाही. तुमचं घर कुठे आहे, हनी?"

आमचं त्या दुसऱ्या ठिकाणी होतं. मी लोणच्याची फोड चघळत बसले.

मग मी शब्द टाकला. आमच्यातल्या एका डॉक्टर काकांच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. "लॅबमधली मैत्रीण आहे, एक मुलगा आहे, बरंचसं भाडं सरकारकडून येईल," मी फोनवर सांगितलं.

"तू सांगतेस म्हणजे झालंच. शनिवारी घेऊन ये, किल्ली काढून ठेवतो."

नवऱ्याने टाकलेली कुणी मराठी पोरगी असेल, असं ते धरून चालले असावेत. वेगळं काही सांगायला हवं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शनिवारी दार उघडलं. काकांचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं. काकूंनी चहा आणला. आम्हाला कपबशी, तिला कागदी पेला.

"मी या देशात नवा होतो ना, तेव्हा एका गोऱ्या घरमालकाने माझ्या तोंडावर दार आपटलं होतं," काका तिला सांगू लागले. चष्मा काढून डोळे पुसले हो त्यांनी! "तो अपमान मी अजून विसरलो नाही."

ती मान डोलवत ऐकत होती. तिचा पेला रिकामा झाल्यावर काका म्हणाले, "खालचा मजला मात्र… नागपूरहून सासूबाई यायच्यात."

किल्ली टेबलावरच पडली होती.

गाडीत ती एवढंच म्हणाली, "तुझ्या लोकांचा चहा मस्त असतो."

संध्याकाळी काकूंचा फोन. "गैरसमज नको हं. पण आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं की काकू. नोकरी आहे, एक मुलगा आहे."

"अगं, ते नाही."

"मग काय?"

"तेच गं. समजून घे ना."

"नाही बाई समजत. नीट सांगा ना."

"पुढे घर विकायची वेळ आली तर किंमत पडते गं…"

"कशाने पडते, काकू?"

फोन ठेवला त्यांनी. आमच्या पार्ट्यांत 'त्या लोकांसाठी' जो शब्द सर्रास चालायचा, तो त्यांच्या जिभेवर आला असणार. तो लिहायचीसुद्धा मला किळस वाटते.

सासूबाई काही आल्या नाहीत. पुण्याचा एक विद्यार्थी राहायला आला. महिना संपला, व्हाउचर गेलं. मैत्रीण मुलाला घेऊन बहिणीच्या हॉलमध्ये राहायला गेली. तिथून लॅबला यायचं तर बस बदलावी लागे, आणि दुसरी बस हटकून चुके. आल्या आल्या तिला वॉर्डात पळता यावं म्हणून मी तिच्या ट्रेमध्ये रिकाम्या नळ्या मांडून तो टेबलाखाली ठेवायचे. सुपरवायझर विचारायचा, "आली का ती?"

"केव्हाच! वॉर्डात गेलीय," मी बिनदिक्कत सांगायचे.