थंड बल्बचा रेझिस्टन्स
मिरचीचा हंगाम आला की नंदुरबारात बल्बवरसुद्धा तिखट धूळ बसते आणि बल्ब लावला की ती जळून ठसका लागतो. आयटीआयच्या प्रॅक्टिकलला त्या दिवशी आमचा सगळा वर्ग असाच खोकत होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या तोरणमाळच्या मुलीला सरांनी आधी बंद बल्बचा रेझिस्टन्स मीटरने मोजायला लावला, तो चाळीस ओहम भरला. मग बल्ब लावून व्होल्टेजला करंटने भागायला सांगितलं, तर उत्तर पाचशेच्या वर गेलं. "बल्ब एकच, मंग रेझिस्टन्स दोन कसा काय? भागाकार तरी येस का तुले? तुन्हा डोंगरमा लाईट शे का?" सर अहिराणीत म्हणाले, आणि वर्ग खोकता खोकता हसला. "मोजलं तेच लिहिलं, सर," ती शाळेतल्या मराठीत म्हणाली. सरांनी तिला उत्तर खोडायला लावलं आणि सुटी होईपर्यंत त्या बल्बसमोर उभं केलं. ती पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर शांतपणे समजावलं की तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर. परवा सरांच्या निवृत्तीच्या जेवणात ही गंमत त्यांनी स्वतःच सांगितली. दरवर्षी बल्ब तोच असायचा, म्हणाले, फक्त पोरगी नवी.